विडी सोडलेल्या माणसाचा सत्कार

साल एकोणीसशे शहाण्णव. तेव्हा मी छप्पन्न वर्षांचा होतो आणि रोह्याच्या स्टेशनात, फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या नळासमोर राहत होतो. मी तिसरी पास. चौथीत महिनाभर गेलो, मग मिठागरात गेलो. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. त्या काढत बसू नयेत.

मला घरातून कोणी काढलेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो, कारण लोक काहीबाही बोलतात. त्याच्या अकरा वर्षं आधी वडखळकडच्या खाडीकाठी आमच्या गावात सुनेने मला एवढंच सांगितलं होतं, "मामंजी, विडी जरा बाहेर बसून ओढा, पोर खोकतंय." बरोबर बोलली ती. पण चार माणसं बसलेली असताना बोलली. मी म्हटलं, बाहेर तर बाहेर. विडीचं बंडल घेतलं, काडेपेटी घेतली आणि बाहेर बसायला निघालो. अंगणात बसलो असतो तर तिचंच खरं झालं असतं, म्हणून वडखळच्या नाक्यावर जाऊन बसलो. तिथे ओळखीचे लोक फार, म्हणून पेणच्या स्टँडवर. मुलगा दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा मी त्याला सांगितलं, "ही विडी संपली की येतो." ती विडी अकरा वर्षं संपली नाही. बायको आधीच गेली होती, त्यामुळे मला शहाणपण सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

तसं माझं बरं चाललं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला पेणला गणपतीच्या कारखान्यांत हमाली. प्लास्टरची पोती आणायची, वाळलेल्या मूर्ती आतून बाहेर, बाहेरून टेम्पोत. मोठी मूर्ती उचलताना मालक माझंच नाव घ्यायचा. गणपती गेले की रोह्याला यायचं, तांदळाच्या मोसमात बाजारात पोती असायची. डोक्यावर पोतं घेऊन मी फळीवरून ट्रकात चढायचो तेव्हा जवान पोरं बाजूला व्हायची. ज्याला घर नाही त्याचं सगळं पायांवर चालतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आमच्याकडे भाकरी मागितली तर ती भीक. पण तंबाखू मागितली तर ती ओळख. मोठ्यातल्या मोठ्या शेटजवळ जाऊन हात पुढे करावा आणि म्हणावं, "जरा तंबाखू काढा." तो निमूट चंची काढतो, वर चुनाही देतो. कोण, कुठला, काही विचारत नाही. तंबाखू मळेपर्यंत दोन शब्द होतात. गाव कुठलं, पाऊस कसा. आणि दहातले सहा जण विचारतात, "जेवलात का?" हे त्यांनी विचारलं, मी मागितलं नाही, हे ध्यानात ठेवा. ज्या दिवशी काम नसायचं त्या दिवशी मी असा जेवायचो. विडीचंही तसंच. एक विडी तिघांत फिरायची, आणि ज्याने तुमच्या तोंडातली विडी आपल्या तोंडात घेतली तो तुम्हाला भिकारी म्हणू शकत नाही. अकरा वर्षांत मी एकदाही "भूक लागली" असं परक्या माणसाला बोललो नाही. याचा मला गर्व होता, आणि दुसरं गर्व करण्यासारखं जवळ काही नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर डावा पाय नखरे करू लागला. पोतं घेऊन पन्नास पावलं चाललो की पोटरी आवळायची, उभं राहिलं की सुटायची. मग अंगठ्याशेजारचं बोट निळं पडलं, मग काळं. ठणका असा की पाय उशाला घ्यावासा वाटे. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक नवीन डॉक्टरीण होती, वय माझ्या सुनेपेक्षाही कमी. तिने घोट्याजवळ दोन बोटं दाबून धरली आणि जागा बदलून बदलून दाबत राहिली.

"काय शोधता बाई?"

"नाडी. लागत नाहीये. विडी ओढता?"

"दोन बंडलं."

"आठवड्याला?"

"दिवसाला."

तिने कागद बाजूला ठेवला. "बाबा, तंबाखूने तुमच्या पायाच्या रक्ताच्या नळ्या आवळल्यात. विडी, तंबाखू, सगळं आजपासून बंद. नाही केलंत तर हे बोट जाईल, मग पाऊल, मग गुडघ्याखाली सगळं. मी घाबरवत नाहीये. दर सोमवारी येऊन दाखवायचं."

ती शिकलेली होती, पण कोवळी होती. मी रस्त्याने विचार केला. विडीचा धूर छातीत जातो, छातीतून खाली उतरत असेल, हे पटण्यासारखं आहे. पण गालातली तंबाखू पायाला काय करणार? गाल कुठे, पाय कुठे. म्हणून तिचं निम्मं ऐकायचं ठरवलं. बाई माणसाचं निम्मं ऐकलं तरी पुष्कळ, असं मी तेव्हा समजत असे.

विडी मी त्याच दिवशी सोडली. माझ्यासारखा हट्टी माणूस काहीही सोडू शकतो, घर सोडलं तिथे विडी काय. हातातलं बंडल रुळांत टाकलं. पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अंगाला कंप, डोकं जड, आणि पोट साफ होईना. नळाच्या पलीकडे एक म्हातारी राहायची. पूर्वी मासळी विकायची, आता काही विकत नव्हती, पण आवाज बाजारातलाच राहिला होता. ती तीन दगडांवर पत्र्याचा तुकडा ठेवून त्यावर तंबाखू भाजायची, काळी झाली की चुरून डबीत भरायची. हीच तिची मिश्री. सकाळी उठून दातांना लावायची आणि तासभर जगाशी बोलायची नाही. तेवढाच एक तास फलाट शांत असायचा.

माझी दशा बघून ती म्हणाली, "अरे मेल्या, नुसता काय थरथरतोस? ही घे, दाताला लाव."

"डॉक्टरणीनं तंबाखू बंद केलीय गो."

"मंग? मिश्री काय तंबाखू हाय? ती भाजलेली हाय. भाजली म्हंजे त्यातला दोष जळला. माझी आई लावायची, तिची आई लावायची. दात घासायला पण डॉक्टरनीला विचारतोस का?"

हे मला तिसरी पास माणसाला पटलं. जळलं ते शुद्ध झालं, हे तर आपण सोन्याच्या बाबतीतही मानतो. मी मिश्री लावली. दोन मिनिटांत डोकं हलकं झालं, पोटात हालचाल झाली, आणि जग पुन्हा जागेवर आलं. तेव्हापासून मी दात घासू लागलो. सकाळी घासायचे, दुपारी घासायचे, जेवणाआधी, जेवणानंतर, आणि जेवण नसेल तेव्हा जेवणाच्या ऐवजी. आठवड्याभरात सहा वेळांवर आलो. रोह्यात माझ्याइतका दातांची निगा राखणारा माणूस नसेल. मधल्या वेळेत गालात तंबाखू-चुना, कारण लोकांशी ओळख तर ठेवायलाच हवी. शिवाय मालधक्क्यावरचा रखवालदार तपकीर ओढायचा, त्याचा मान राखून एखादी चिमूट नाकात. पण विडीला हात नाही. सोमवारी डॉक्टरणीला छाती पुढे काढून सांगितलं, "विडीला शिवलो नाय."

"शाब्बास," ती म्हणाली, आणि पाय बघून तिचं तोंड उतरलं. "पण मग हे वाढतंय कसं?"

"औषधात काही खोट असेल," मी म्हटलं.

याच सुमारास आमच्या फलाटावर व्यसनमुक्तीवाले एक साहेब आले. कुठल्याशा मंडळाचे होते, कडक इस्त्रीचे. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं की मी बेघर बांधव आहे. तोवर मी स्वतःला बाहेर बसलेला माणूस समजत होतो. त्यांनी एक छापील कागद काढला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"घरचा पत्ता?"

"नळासमोर."

"कायमचा?"

"नळ हाय तवर."

"धूम्रपान सोडण्यात कुटुंबाचं सहकार्य मिळतं का?"

म्हातारी पलीकडून ओरडली, "मी देते की! रोज देते!" साहेबांनी "होय" वर खूण केली.

मग त्यांनी आम्हाला एक पत्रक दिलं. तलफ आली तर काय करावं, ते त्यात लिहिलं होतं. मी अक्षर लावून म्हातारीला मोठ्याने वाचून दाखवलं. तलफ आली की गार पाण्याने अंघोळ करावी. लिंबू-सरबत प्यावं. घरातल्या दुसऱ्या खोलीत जावं. टीव्ही बघावा. नातवंडांशी खेळावं. म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसरी खोली कंची? दोन नंबरचा फलाट का?"

साहेबांना मात्र मी फार आवडलो. फलाटावर त्यांना पंधरावीस बेघर बांधव मिळाले, पण विडी खरोखर सोडलेला मी एकटाच. बाकीच्यांनी साहेब असेपर्यंत सोडली होती. साहेबांनी माझ्या तोंडाचा वास घेतला, धुराचा वास नाही. बोटं बघितली, पिवळी नाहीत. म्हणाले, "तुमचा सत्कार करायचा. रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये. लोकांपुढे उदाहरण ठेवायचंय." मी नको म्हटलं नाही. शाल मिळणार होती आणि थंडी पडली होती. आणि खरं सांगायचं तर, अकरा वर्षांत मला कोणी खुर्चीवर बसवलं नव्हतं.

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी डॉक्टरणीने काळ्याच्या कडेने पेनाने रेघ मारली. म्हणाली, "पुढच्या सोमवारी हे या रेघेच्या वर चढलेलं दिसलं, तर मी अलिबागला चिठ्ठी देते. कापावं लागेल. किती, ते तिथले ठरवतील." मी परत येताना स्टेशनाच्या पायऱ्या मोजून चढलो. एका पायाचा हमाल मी कुठे पाहिला नव्हता. एका पायाचे भिकारी पुष्कळ पाहिले होते, पेणच्या स्टँडवर, फुटबोर्डाजवळ वाटी घेऊन. त्यांच्यासमोर मी कधी बसायचो नाही.

रविवारी हॉल भरला होता. शाळेची मुलं दटावून बसवलेली, पुढे गावातली प्रतिष्ठित माणसं. व्यासपीठावर साहेब, मी, आणि पाहुणी म्हणून आमची डॉक्टरीणच. तिला बघून मी पाय खुर्चीखाली ओढला. तिने मारलेली रेघ काळ्याखाली सकाळीच झाकली गेली होती. त्या धास्तीने खुर्चीवर बसण्याआधीच मी गालात एक मोठी चिमूट भरली होती. थोडी जास्तच झाली. साहेब बोलायला उभे राहिले आणि बसलेच नाहीत. समाज, राष्ट्र, तरुण पिढी, सगळं झालं. इकडे माझं तोंड भरत चाललं. थुंकायला जागा नाही. पुढे हार, मागे भिंत, भिंतीवर ओळीने थोर पुरुषांचे फोटो.

मग शाल झाली, नारळ झाला. टाळ्या झाल्या. आणि साहेब म्हणाले, "आता आपले हे बांधव स्वतः दोन शब्द सांगतील."

माईक माझ्या तोंडासमोर आला. मी ओठ घट्ट मिटून उभा. बोललो असतो तर पहिल्या रांगेतल्या धोतरांचं काही खरं नव्हतं. मी हात जोडले. साहेब म्हणाले, "बोला, बोला, संकोच करू नका." मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, चुना झोंबत होता. साहेबांनी माईक आपल्याकडे घेतला आणि जड आवाजात म्हणाले, "त्यांचा कंठ दाटून आला आहे. हे मौनच आजचं सर्वांत मोठं भाषण आहे!" टाळ्या थांबेनात. एक मास्तरीणबाई पदराने डोळे पुसत होती.

पुढे काहीच इलाज नव्हता. मी ते सगळं गिळलं.

ज्याने तंबाखूचं पाणी गिळलंय त्याला पुढचं सांगायला नको. आधी उचकी लागली, मग सभागृह फिरायला लागलं. मी शाल सांभाळत मागच्या दाराने बाहेर पडलो आणि शाळेच्या नळापाशी बसून सगळं बाहेर काढलं. डोकं वर केलं तर डॉक्टरीण उभी.

"तोंड उघडा."

उघडलं.

"किती वेळा?"

"मोजत नाय."

"आणि सकाळी?"

"सकाळी मिश्री. पण ती तंबाखू नाय बाई, ती भाजलेली असते."

"काय भाजतात?"

"तंबाखू," मी म्हटलं, आणि आपण काय बोललो ते मला माझ्याच कानांनी ऐकू आलं.

मला वाटलं ती ओरडेल. ती नळाच्या ओट्यावर बसली, माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, चांगल्या साडीवर, आणि फडकं सोडलं. रेघेच्या वर करंगळीएवढं काळं गेलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही हमाल ना? तांदळाचं पोतं डोक्यावरून न्या, पाठीवरून न्या नाहीतर हातगाडीवरून. जातं कुठे?"

"गोदामात."

"तसंच आहे. विडी ओढा, तंबाखू चघळा, मिश्री लावा, तपकीर ओढा. माल एकच, गोदाम एकच. तुमचं रक्त."

इतकं सरळ मला आयुष्यात कोणी समजावलं नव्हतं. पण मी गप्प बसणारा नव्हे. म्हटलं, "बाई, विडी गेली, मिश्रीही जाईल. पण तंबाखू सोडली तर मी लोकांकडे मागू काय? काही मागितल्याशिवाय माणूस माणसाशी बोलत नाय."

"भूक लागली तर तसं सांगायचं."

"ते भिकारी सांगतात."

ती फडकं बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मग पाय कापल्यावर सांगाल. सांगायचं तर आहेच. दोन पायांवर सांगायचं की एका, तेवढं ठरवा. उद्याची चिठ्ठी मी थांबवते. पंधरा दिवस देते. एक कणसुद्धा नाही."

आतून साहेब आले, मला शोधत. डॉक्टरणीने त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण आपल्या अहवालात नोंद धूम्रपानाची आहे, मॅडम. धूर तर बंदच आहे ना? मग राहू दे." अशा रीतीने मी त्या वर्षी मंडळाच्या कागदावर यशस्वी राहिलो.

दिवस मावळायच्या आत मी फलाटावर आलो. म्हातारीने नारळ हातातून घेतला, हलवून पाणी किती ते ऐकलं आणि दगडावर फोडला. मी चुन्याची डबी, तंबाखूची पुडी, सगळं तिच्यापुढे ठेवलं.

"हे काय?"

"सुटलं. मिश्री पण नको उद्यापासून."

"माझ्या हातची मिश्री नको? शाल मिळाली तर मोठा झालास का?"

"पाय जातोय गो माझा."

ती फडक्याकडे बघत राहिली. खोबऱ्याचा मोठा तुकडा मला दिला, लहान आपल्याला ठेवला. मग म्हणाली, "मी नाय सोडणार हां. माझे पाय धड हायत." आणि पुडी, डबी पदरात बांधली. सकाळी मात्र तिने पत्रा दुसरीकडे, मालधक्क्याच्या बाजूला नेऊन पेटवला. वास माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून, असं मी धरून चालतो.

ते बोट पुढे माघात गेलं. पाऊल राहिलं, हे मी इथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण ती पुढची गोष्ट. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते सांगून थांबतो.

उठलो तेव्हा तोंड ओस पडलेल्या बाजारासारखं होतं. दात घासले नाहीत, नुसती चूळ भरली. बाजारात काम नव्हतं, आणि असतं तरी पाय नव्हता. आदल्या दिवशीच्या खोबऱ्याशिवाय पोटात काही नव्हतं, कारण सत्कारात चहा-बिस्किटं व्यासपीठावरून उतरल्यावर होती आणि मी मागच्या दाराने उतरलो होतो. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी गेलो. टपरीवाल्याशी माझी सहा-सात वर्षांची ओळख, म्हणजे तंबाखूची. मला बघताच त्याने सवयीने खिशातून पुडी काढून पुढे धरली आणि म्हणाला, "या. काल फार टाळ्या पडल्या म्हणे."

मी पुडी त्याच्या हातासकट मागे सारली. तो बघायला लागला. बाकावर तिघे-चौघे गिऱ्हाईक बसले होते, तेही बघायला लागले. तोंडात या वेळी काही नव्हतं, त्यामुळे सबबही नव्हती.

मी म्हटलं, "तंबाखू नको. भूक लागलीय."

त्याने दोन पाव कागदावर ठेवले आणि चहा ओतला. बाकावरचा एक जण सरकला. मी बसलो नाही. उभ्यानेच खाल्लं, कागद चुरगळून डब्यात टाकला, ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि लंगडत दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.